उरलेलं एक लिटर

निलंगा, गुरुवार

तीर्थस्वरूप धोंडप्पामामांस,

शिवकन्येचा शरणु शरणार्थी. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे आई-बाबा आहेत. माझं पुढे कळेलच. रत्नम्मामामींचा गुडघा आणि तुमची साखर कशी आहे ते कळवा. (पुढचं गोळी घेऊनच वाचा.)

मामा, मी तुमच्यावर रागावले आहे. थोरांवर रागावू नये, म्हणून तीन दिवस थांबले. तेवढ्यात राग मुरला. राजशेखरदादाच्या मोटारीत चार लिटर ऑइल गेलं, पाच लिटरच्या डब्यात एक उरलं, ते तुम्ही रविवारी पिशवीत घालून बसने आमच्याकडे पाठवलंत. आपल्या घरात जेवल्यावर ताटसुद्धा धुऊन पितात, तिथे लिटरभर ऑइल कोण टाकणार? माझी मोटारसायकल (बाबांची जुनी, आता मी शाळेला नेते) ऑइल बदलायला आलीच होती. मी स्वतः जुनं काढलं आणि तुमचं ओतलं. डब्यावरचं वाचलं नाही. तुमच्या हातचं म्हटल्यावर काय वाचायचं? मला अक्षरं तुम्हीच शिकवलीत, उदगीरच्या दुकानात, ऑइलच्या डब्यांवरून. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, मागची इंजिनासाठी, मागची आधी वाचावी, असं तुम्हीच सांगायचात. मग तुम्ही का वाचली नाहीत?

सोमवारी शाळेच्या अलीकडच्या चढावर इंजिन असं ओरडायला लागलं की रानातली माणसं कामं टाकून उभी राहिली, आणि गाडी मात्र मुंगीच्या पावलाने. चांगुणाबाई शेळी घेऊन मागून आल्या आणि पुढे गेल्या. शेळी बाभळीपाशी थांबली म्हणून मी त्यांना गाठलं, तर त्या पुन्हा पुढे. "मास्तरीणबाई, गाडी बोंबलून लई राहिली, चालून न्हाई राहिली," म्हणाल्या. दुसऱ्या वेळी शेळीसुद्धा माझ्याकडे वळून बघत गेली. शाळेत अकरा मिनिटं उशीर. मी कंत्राटी, महिन्यात तीन उशीर झाले की नेमणूक संपते, आणि हा दुसरा. (पहिला बसमुळे, तेव्हापासून गाडी नेते.) खोटं कारण देववेना, म्हणून अर्ज दीड पान झाला. मुख्याध्यापक व्यंकटराव सरांनी शेरा मारला, 'कारण वाचले. समजले नाही.'

समजायला मलाही मेकॅनिक आदिनाथकडे जावं लागलं. तो आधी हसला, मामा. मग म्हणाला, ताई, दोन घरच्या येसराची चव एक असते का? तसंच हे. डब्यावरचा आकडा तोच असला तरी प्रत्येक कंपनी आत आपापला मसाला मिसळते, आणि तोही काम बघून. ट्रॅक्टरच्या ऑइलला काजळी पोटात घ्यावी लागते. मोटारीच्या ह्या ऑइलात पेट्रोल वाचावं म्हणून घसरण वाढवलेली. मोटारीचा क्लच कोरडा, त्याला फरक पडत नाही. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला. प्लेटांनी एकमेकींना धरायचं, तर त्या घसरून राहिल्या. (स्कूटीचा पुन्हा कोरडा, तिचं ऑइल आणखी तिसरं.) हे सगळं नाही, पण 'मोटारसायकलसाठी नाही' एवढं डब्याच्या मागे बारीक अक्षरात होतं. तीस वर्षं दुकानात बसलेल्या माणसाला हे माहीत नसावं? की भाचीची गाडी म्हणजे उरलंसुरलं रिचवायची जागा?

मंगळवारपासून शेजारचे माणिकप्पा काका त्यांच्या मोटारीतून मला शाळेत सोडतात. पण सोमवारी ते लेकीकडे जळकोटला निघणार. उदगीरहून थोडं ऑइल यायचं आहे, त्याचीच वाट बघून राहिलोय, असं रोज म्हणतात. तोवर माझी नोकरी त्यांच्या ऑइलवर चालली आहे.

रागातही तुमचीच,
शिवकन्या

ता.क. आदिनाथ म्हणतो, हे ऑइल काढून योग्य ते घातलं तर प्लेटा वाचतील. शनिवारच्या बसच्या कंडक्टरकडे मोटारसायकलचं एक लिटर द्या. निलंग्यातही मिळतं, पण दुसऱ्याच्या डब्यावर माझा भरवसा बसत नाही.

ता.क. दुसरा. दोन लिटर द्या. दुसरं मोटारीचं. तुमच्या पिशवीत एक कागद होता, कोरी बाजू वर. वाया जाऊ नये म्हणून मी त्यावर सातच्या पाढ्याचं टाचण केलं आणि चार दिवस त्यावरून शिकवलं. आत्ता तो उलटला. तुमचं अक्षर आहे: 'हे मोटारीचे आहे. माणिकप्पांना द्यावे. शिवकन्येच्या गाडीत चुकूनही ओतू नये.' 'चुकूनही'खाली दोन रेघा. पत्र फाडणार होते, पण कागद पाठपोट भरलेत, टाकवत नाहीत. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिते आहे: मागची बाजू आधी वाचावी.