मायच्या कमरेचा फोटो

तामसी, मंगळवार, दिवेलागण

डॉक्टरीणबाई गेल्या, पण डोक्यातून जात नाहीत. कापूस वेचणाऱ्या बायांच्या कंबरदुखीवर त्यांचं संशोधन चालू आहे. त्या आल्या तशी मायनं एक्स-रेचा फोटो काढून खिडकीशी धरला. आलंगेलं कोणी असो, ती आधी फोटोच दाखवते: मणक्यात गॅप आहे, हलायचं नाही. तो फोटो आला तेव्हापासून माय खाटेवर. आम्हीच निजवलं ना तिला?

बाईंनी फोटो नीट पाहिला, मायचे पाय तपासले. मग म्हणाल्या, "आई, कंबर न दुखणाऱ्यांच्या फोटोतही असं दिसतं. कापूस वेचताना ओटी कशी बांधता, दाखवा बरं." माय चक्क उठली! जुन्या लुगड्याची, कापूस भरायची ओटी बाईंच्याच कमरेला बांधून दिली. बाई वाकल्या. "बाप रे, सगळा भार इथं येतो!" एवढी शिकलेली बाई, आणि आधी स्वतः वाकून पाहते. जाताना मायला रोज थोडं थोडं चालायला सांगितलं.

माय त्यांना बसथांब्यापर्यंत पोचवून आली. आत्ता शेजारची शांताकाकू आली, फोटो पाहायला मागू लागली.

माय म्हणाली, "फोटो काऊन पायतं वं? मले पाय."