गळाभेटीचा सराव

वणी,
कापूस वेचणीचे दिवस

तीर्थस्वरूप रुपीबाईस,

धाकट्या बहिणीचा सविनय नमस्कार. तुझे गुडघे, शेतातली तूर आणि चिरंजीव जीवनची नोकरी या तिन्हींची प्रकृती बरी असावी अशी अपेक्षा आहे (पैकी गुडघ्यांचा दोष मी तुलाच देते, उकिडवं बसून भाजी चिरू नकोस हे तुला सकारण समजावलं होतं). फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू ‘आवाज येऊन राह्यला काय’ असं विचारतेस, मी ‘येतो आहे’ असं सांगते, आणि एवढ्यावर आपला संवाद उभयपक्षी समाधानाने संपतो.

माझी प्रकृती, झोपेचा अपवाद वगळता, निर्दोष आहे. आपली याडी गेल्यापासून रात्री डोळा लागत नाही. उलट भर दुपारी, महाविद्यालयातून परतल्यावर, व्हरांड्यातल्या खुर्चीत कधी डुलकी लागते ते कळत नाही. मग समोरचा रस्ता विरघळतो, शेजारच्या इंदूबाईंच्या घराची भिंत विरघळते (ती तशीही ओळंब्यात नाही), आणि बोंडं फुटलेलं पांढरं शेत थेट व्हरांड्यापर्यंत येतं. बांधावर याडी पाठमोरी बसून ओढणीवर आरसे टाचत असते. कापूस वाऱ्याशिवाय हलत असतो, आणि आरशांचे कवडसे त्याच्यावरून पाण्यासारखे सरकत असतात. मी जवळ जाते, आता ती वळून पाहील असं वाटतं, आणि मी म्हणते, ‘याडी, तिसरा टाका सैल आहे.’ लगेच जाग येते. दर दुपारी हेच. टाका खरोखरच सैल असतो, हे मी मुद्दाम नमूद करते.

अखेर यवतमाळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टर तरुण आहेत आणि त्यांचं अक्षर सुवाच्य आहे, त्यामुळे आरंभी त्यांच्या ज्ञानाविषयी शंका आली. त्यांनी गोळ्या दिल्या (चालू आहेत) आणि विचारलं, ‘आई गेल्यावर तुम्ही रडलात का?’ मी म्हटलं, सवड मिळाली नाही. बाई, तू साक्षीला आहेस. तुम्ही सगळ्या रडत होतात तेव्हा मंडपवाल्याच्या सैल दोऱ्या कोण ताठ करवून घेत होतं? त्यांनी ऐकून घेतलं आणि सुचवलं की आपल्या माणसांत जावं, मनाला वाट द्यावी. सोबत मोबाइलवरची ध्यानाची ध्वनिफीत ऐकायला सांगितली. ती ऐकली. ‘आपल्या श्वासाकडे बघा’ असं एक गृहस्थ पुन्हा पुन्हा सांगतात. रसायनशास्त्राची प्राध्यापिका या नात्याने मला रंगहीन वायूकडे कसं बघावं हे कळलं नाही. मी आपल्या माणसांत जायचं ठरवलं.

लालीमावशीच्या नातवाचा साखरपुडा होता. तू वेचणीमुळे आली नव्हतीस. मारेगावपुढच्या त्यांच्या तांड्यावर मी गाडीतून उतरते तोच मावशी आली, माझ्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर डोकं ठेवलं आणि आपल्या रीतीप्रमाणे सुरात रडू लागली. याडीचं नाव घेतलं, बापूंचं घेतलं, मग तिची मेलेली म्हैस, मग सुनेचा स्वभाव (सून शेजारीच उभी होती). मला त्या क्रमवारीत सुसूत्रता आढळली नाही. शिवाय मावशीचा रक्तदाब. मी तिचे हात हळूच सोडवले आणि म्हटलं, ‘मावशी, रडू नका. बसा. पाणी घ्या.’

सूर मधेच तुटला. मावशीने डोकं उचललं. डोळे इतके कोरडे की मी चपापले. ‘मी रडून कुठी राह्यली वं?’ ती म्हणाली. ‘मी तुले भेटून राह्यली.’

हे ती मराठीत बोलली. घरची भाषा बाजूला ठेवून, तलाठ्याशी बोलावं तशी. मग आतल्या बायकांना तिने तितक्याच थंडपणे कळवलं, ‘मॅडमले कोनी भेटू नका बा. त्याइले त्रास होते.’ त्यानंतर दिवसभर मला पान मिळालं, बसायला खुर्ची मिळाली, पंखा माझ्या दिशेने वळवण्यात आला; पण गळ्यात हात कोणीही टाकला नाही. माझ्या देखत बायका एकमेकींना भेटत होत्या, दोन-दोन मिनिटं रडून लगेच हसत स्वयंपाकाकडे वळत होत्या. मी खुर्चीत, पंख्यासमोर, सरकारी पाहुणी.

अज्ञान मला खपत नाही, हे तू जाणतेस. घरी येऊन मी अभ्यास आरंभला. प्रथम कपाटाच्या गळ्यात हात टाकून पाहिले (कपाटाला गळा नसतो, ही अडचण). नंतर इंदूबाई दही घेऊन आल्या, आणि हाडामांसाचं साधन लाभलं म्हणून मी वाटी टेबलावर ठेवली, त्यांना कवटाळलं आणि सूर लावला. त्या थिजल्या. मग ‘अहो, या ना इकडं’ म्हणून त्यांनी अशी हाक मारली की पुंडलिकराव अर्ध्या दाढीने धावत आले.

‘कोन गेलं मॅडम?’

‘कोणीही नाही. सराव चालू आहे.’

‘कायचा?’

‘भेटण्याचा.’

‘आमी तं रोजच भेटतो ना तुमाले,’ इंदूबाई खांद्यावरून घुसमटत म्हणाल्या. पुंडलिकराव फेस पुसत म्हणाले, ‘हिले सोडा आधी. दोन-चार दिवस बहिणीकडं जाऊन या. आमी पाहू घर.’ संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन घरांतून मला डबे आले. भाजीत मीठ जास्त होतं, तरी सगळं संपवलं.

एकंदरीत मन प्रसन्न आहे आणि काळजीचं कारण नाही.

तुझी,
शेवंता

ता. क. : मी रजा घेऊन तुझ्याकडे येते आहे. फुलसावंगीच्या स्टँडवर जीवनला पाठवू नकोस, तू स्वतः ये.

ता. क. दुसरा : लोक बघतील, बघू देत. मी पाणी घ्या म्हणणार नाही.

ता. क. तिसरा : सगळी रीत आता मला अवगत आहे असं मी मावशीला फोनवर कळवलं आहे. ते खरं नाही. याडीचं नाव ओठावर आलं की पुढे काहीच निघत नाही. तेव्हा बाई, सुरुवात तू कर.