परसातलं गरम पाणी

संताजी,

स्वयंपाकघरात काही शोधू नकोस. तुझं जेवण डब्यात घालून मी दवाखान्यात गेले आहे.

दारू पिऊन तू गाडी गंगव्वाच्या फुलांच्या हातगाडीवर घातलीस. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तुरुंगाऐवजी दर रविवारी दवाखाना झाडायची शिक्षा दिली, ती माझ्या हमीवर. तुझे आजोबा जटका हाकायचे. ते प्यायले तरी घोडा शुद्धीवर असायचा. मोटारीचं तसं नाही रे.

गेल्या रविवारी तुझ्यासाठी परसात पाणी तापवून ठेवलं होतं. तू आलास तो थेट देवापुढे उदबत्ती लावून पानावर बसलास. "आंघोळ?" म्हटलं, तर "सॉरी आत्या, विसरलो" म्हणालास. तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा तू एवढासा होतास, पण तिथून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कधी घरात पाऊल टाकलं नाहीस. आणि आता विसरलास? त्याच दुपारी शेजारचा परसू गरम पाणी मागायला आला. त्याच्या अंगाला फिनेलचा वास येत होता.

आज झाडू तुझ्या हातात दिसला, तर दोघं तिथंच जेवू आणि घरी येऊन ही चिठ्ठी मी गुपचूप चुलीत घालीन. परसूच्या हातात दिसला, तर तशीच साहेबांकडे जाऊन माझा शब्द परत घेईन.

पण चिठ्ठी तू वाचतो आहेस, म्हणजे घरीच आहेस. पळत ये. डबा गार होईपर्यंत मी फाटकाबाहेरच थांबते, आत बघत नाही.

गोजरा आत्या