विजेच्या मोटारीची परतीची फेरी

अहो शोभाचे अण्णा,

तुमचं नाव मी जन्मात कधी घेतलं नाही. उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच. आता पत्राच्या माथ्यावर लिहायला गेले तरी हात अडतो. तेव्हा आहे हे असंच चालवून घ्या.

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. तुम्ही होता तेव्हा तरी कुठं लिहिलं? मुक्कामाची एसटी घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा, त्यात पत्राला जागाच नव्हती. पण काल मी प्रदर्शन बघायला मैदानावर गेले होते. शोभा आलीय गारगोटीहून, जावयांच्या शाळेला सुट्टी आहे म्हणून. तिथं ती एक वाक्य बोलून गेली. सहज बोलली हो, शेंगदाणे खात खात! पण तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज आमटीत मीठ दोनदा पडलं. म्हटलं, ज्याचं त्याला सांगून मोकळं व्हावं.

विजेच्या मोटारी पुन्हा आल्यात.

आठवतंय ना? लोखंडी पत्र्याची जमीन, डोक्यावर जाळी, आणि प्रत्येक मोटारीच्या मागं एक दांडा, त्याच्या टोकाला ठिणग्या उडायच्या. भोवती जाड रबर. एकमेकांना धडकायचं आणि हसायचं, एवढाच त्यातला खेळ. पण तो खेळ आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं!

सगळ्या शिवाजी पेठेला वाटायचं, मालनची चंगळ आहे, नवऱ्याच्या गाडीतनं फिरते. फिरले की! पण कशी? तुमच्या केबिनला मागून जाळी. जाळीमागच्या बाकावर मी, मांडीवर शोभा, आणि समोर तुमची मान. खाकी कॉलर मळू नये म्हणून तिच्यात खोवलेला रुमाल. उभ्या संसारात मी तुम्हाला गाडी चालवताना बघितलं ते पाठमोरं. शेजारी बसायची फार हौस होती मला. एकदा तसं म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "शेजारी इंजिन असतंय. त्याच्यावर बसतीस व्हय?"

मला वाटलं, विसरलात. पण विसरला नव्हता. शोभा सुट्टीला माझ्या आईकडे नृसिंहवाडीला गेली होती, घरात आपण दोघंच. तुम्ही ड्युटीवरून आलात आणि खाकीतच दारात उभे राहून म्हणालात, "चल. आज तुला शेजारी बसवून गाडी चालवतो."

मी जांभळं इरकल नेसले आणि आपण मैदानावर प्रदर्शनाला गेलो. तुम्ही तिकिटंही आधीच काढून ठेवली होती, आणि तीसुद्धा दोन फेऱ्यांची. मी म्हटलं, "दोन कशाला?" तर तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, की ही बाई ड्रायव्हरची बायको शोभत नाही. "एक फेरी म्हंजे नुसतं जाणं झालं की गं. परत यायचं न्हाय?"

आता सांगा, जागच्या जागी गरगर फिरणाऱ्या मोटारीला कसलं जाणं आणि कसलं येणं! पण तुम्हाला समजवायचं कुणी?

आत बसलात. चाकाला हात लावून तो कपाळाला लावलात, रोज लावायचा तसा. मग पायानं चाचपायला लागलात. शिट्टीवाला माणूस आला, त्याला म्हणालात, "ब्रेक कुठाय ह्याचा?"

"पावणं, ब्रेक न्हाय त्याला. पाय काढला की थांबती."

"आनि आरसा?"

"आरसा कशाला? भांग पाडायचाय व्हय?"

सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. ब्रेक नसलेली गाडी बाहेर काढायची म्हणजे काय, हे त्या लोकांना काय कळणार, असा तुमचा चेहरा होता. तुमचा चेहरा! चाकावर बसल्यावर तुमचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. घरात बसलेला माणूस वेगळा आणि हा वेगळा. खालचा ओठ जरासा दाताखाली, आणि डोळे लांब कुठंतरी.

भोंगा वाजला. सगळ्यांच्या मोटारी सुटल्या. आपली जागची हलेना.

"अवो, चला की," मी म्हटलं.

"डबल बेल कुठं झाली?"

कंडक्टरनं दोनदा घंटा मारल्याशिवाय तुमचा पाय कधी हललाय का? मागचे लोक ओरडायला लागले. मग मीच हातातल्या बांगड्या त्या दांड्यावर आपटल्या, टण टण. तशी तुम्ही गाडी काढलीत.

आणि काय चालवलीत हो! सगळी माणसं एकमेकांना ठोकत सुटलेली, आणि आपण आपले डाव्या कडेनं, सावकाश. वळताना उजवा हात बाहेर. कुणी समोरून अंगावर आलं की त्याला हातानं 'जा पुढं' म्हणून वाट द्यायची. एक तर धडकायलाच आला होता बिचारा, त्यालाही तुम्ही चुकवलंत. तो वैतागून ओरडला, "अवो काका, धडका की!" मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून हसत होते मी. तुम्ही मात्र गंभीर. गाडीत बायको बसली होती ना तुमच्या! इतकं जपून मला कुणी कधी कुठं नेलं नव्हतं.

तेवढ्यात डावीकडून एक जोरात बसली. आपली मोटार गर्रकन फिरली. तुम्ही पाय काढून खाली उतरायलाच निघालात, मागं किती लागलंय ते बघायला! शिट्टीवाला बोंबलला, "बसा वो पावणं, करंट हाय!" मी तुमचा सदरा धरून ओढलं.

दुसरी बसली तीही डावीकडून. आणि तिसरीही. तिसरी मला लांबून दिसली होती. लाल मोटार, सरळ आपल्यावर येत होती. मी म्हटलं, आता हे वळवतील. उजवीकडचं सगळं तुम्ही बरोबर चुकवत होता. पण तुम्ही वळवलीच नाही. ती माझ्या बाजूला येऊन आदळली आणि तुम्ही दचकलात. अंधारात कुणी अंगावर हात टाकल्यावर माणूस दचकतो तसे.

माझं हसू तिथंच थांबलं. तुमचं ताट आठवलं हो मला! कितीतरी दिवस तुम्ही ताटातल्या डाव्या बाजूच्या खर्ड्याला हात लावत नव्हता. खर्डा, लिंबाची फोड, कांदा, सगळं तसंच राहायचं. मला वाटायचं, आताशा ह्यांना माझ्या हातचं तिखट आवडत नाही. मी मनातल्या मनात रुसलेही होते. आणि तुम्हाला ते दिसतच नव्हतं!

फेरी संपली. तुम्ही माझ्याकडं वळलात, तोंडभर हसू. कपाळावर घाम. म्हणालात, "कसं काय? बसलीस की न्हाय शेजारी? आता परतीची."

मी म्हटलं, "न्हाय. उतरा."

"अगं तिकीट हाय की."

"असू दे. उतरा म्हंते न्हवं!"

तुम्ही उतरलात. शेजारी एक नवंनवं जोडपं उभं होतं, मुलीच्या हातावरची मेंदी अजून लाल. ती तिकिटं तुम्ही त्यांना देऊन टाकलीत. ती दोघं आपल्याच मोटारीत बसली आणि पहिल्याच झटक्यात कुणालातरी जाऊन धडकली. ती मुलगी किंचाळली, हसली. तुम्ही कठड्याला धरून बघत होता आणि हसत होता. आणि मी तुमची बाही ओढत होते, "चला, चला." का हो मी एवढी घाई केली? कुठं पळून जाणार होती गोष्ट?

घरी येताना तुम्हाला विचारलं. "डावीकडचं दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"

 तुम्ही म्हणालात, "कमी दिसतंय. सदाभाऊ सांगतो की."

सदाभाऊ, तुमचा कंडक्टर! डाव्या दाराशी उभा राहून तो तुम्हाला सायकल आली, बैलगाडी आली, पोर आलं म्हणून सांगत होता, आणि त्याच्या जिवावर तुम्ही गारगोटीची गाडी हाकत होता. तुम्ही म्हणालात, "शोभाचं लगीन हुईपर्यंत ऱ्हाऊ दे. मग सांगतो डेपोत."

"आनि तवर? गाडीत रोज कुणाची तरी शोभा बसलेली असती की वो."

हे मी बोलले त्याचं मला दुःख नाही. आजही बोलेन. मला वाटलं होतं, तुम्ही चिडाल, भांडाल, जेवणार नाही. पण सकाळी तुम्ही खाकी चढवलीत, टोपी नीट केलीत आणि डेपोत जाऊन स्वतःच सांगून आलात. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही म्हणाले. तुम्हाला टायरच्या गोदामात बसवलं. अंगाला डिझेलचा वास यायचा तो जाऊन रबराचा यायला लागला.

एकदाही मला टोचून बोलला नाहीत. का नाही बोललात? एखाद्या दिवशी ताट भिरकावलं असतंत, 'तुझ्यामुळं माझं चाक गेलं' म्हणाला असतात, तर मीही रडून मोकळी झाले असते. वाडीला जाताना आपण गाडीत बसायचो, आणि वळण आलं की तुमचा उजवा पाय पायाखालच्या फळीवर दाबला जायचा. मी ते बघून खिडकीबाहेर तोंड फिरवायची. तुम्हाला वाटत असेल, हिला देवळाचा कळस कधी दिसतोय असं झालंय.

पुढं पुन्हा प्रदर्शन लागलं, तेव्हा मी होऊन म्हटलं होतं, "बसायचं काय मोटारीत?" तोवर उजवा डोळाही गेला होता. तुम्ही हसून म्हणालात, "आता चाक कुठाय ते बी हुडकाय लागंल." ते हसणं मला सोसलं नाही. मी चुलीकडं निघून गेले.

काल शोभाला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. तिला वाटायचं, अण्णांनी वयापायी गाडी सोडली. मी म्हटलं, "म्हणून मी त्यांना त्या मोटारीतनं उतरवलं." तर ती म्हणाली, "अगं आई, डेपोच्या गाडीतनं उतरवलंस ते बरोबरच. पण ह्यातनं कशाला? हितं धडकून काय हुतंय?"

काय होतंय!

खरंच, काय होणार होतं हो? अख्ख्या जगात तेवढी एकच जागा होती, जिथं तुम्हाला डावीकडचं नाही दिसलं तरी कुणाचा जीव जाणार नव्हता. भोवती रबर होतं. लोक ठोकून घ्यायलाच आले होते. आणि मी तुम्हाला नेमकं तिथूनच हात धरून खाली ओढलं. भ्यायले होते मी. मला आपल्या मोटारीच्या जागी तुमची लाल एसटी दिसत होती, आणि त्या माणसांच्या जागी रस्त्यावरची माणसं. गाडी सोडायला तुम्हाला घरी येताना सांगायचंच होतं. ती एक फेरी तेवढी हसत बसून राहिले असते, तर काय बिघडलं असतं? तुम्ही माझी एवढ्या वर्षांची हौस लक्षात ठेवून पुरवलीत, आणि तुमचं शेवटचं चाक मी निम्म्यावर सोडवलं. ह्याचं दुःख आहे मला, दुसऱ्या कशाचं नाही. हे तुम्ही असताना कळायला हवं होतं. आणि तुम्ही तरी! एकदा "न्हाय उतरत जा" म्हणाला असतात तर मी काय उचलून नेणार होते तुम्हाला? सगळ्या गावाला डरकाळी आणि माझ्यापुढं गप्प, हे काय शहाणपण?

असो. भांडायला बसले नव्हते, पण सवय जात नाही.

रविवारी मी पुन्हा जाणार आहे. शोभा म्हणते, "आई, लोक हसतील." हसू देत. ह्या वयाची बाई चाकावर बसलेली त्यांनी कधी बघितली असणार? मला चालवता येत नाही, ते बरंच आहे. हात बाहेर काढणार नाही, कुणाला वाट देणार नाही, डावं-उजवं बघणार नाही. शब्द देते तुम्हाला, तुमच्या वाटणीच्या सगळ्या धडका मी देऊन येईन.

तुमची,
मालन