न बघता काढलेलं घर

सोमवार, ४ मे १९५३
ट्रेलॉस गावाला पोहोचलो. हवा छान, जोडघरं त्याहून छान. दोनशे वर्षांपूर्वी एकाच गवंड्यानं मधली भिंत सामाईक ठेवून बांधलेली. आरशातल्यासारखी: एकात जिना उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे. जुन्या इमारतींच्या सरकारी यादीसाठी दोन्हींचे नकाशे काढायचेत. डावं घर रिकामं, तिथंच माझा मुक्काम. उजव्यात ऐंशीच्या मिस पेथरिक एकट्या राहतात. त्यांनी गरम पेस्टी, म्हणजे मटण-बटाट्याची मोठी करंजी, आणून दिली.

मंगळवार
डावं मोजलं. उजवं कशाला मोजायचं? ट्रेसिंगचा कागद उलटा केला की झालं. आमच्या धंद्यात सगळे हेच करतात. मिस पेथरिक कुंपणावरून म्हणाल्या, "अरे बाळा, तुझ्याकडची मागची खोली चिणून टाकलीय. मी माझ्याकडच्या मागच्या खोलीतच निजते. येऊन बघ तरी." मी मान डोलावली आणि नकाशे टपालात टाकले. बारा वर्षं राबून अजून हाताखालचाच आहे मी. या पगारात एवढंच काम मिळेल.

बुधवार
सकाळपासून भिंतीवर थापा. शेजारी गेलो. वरच्या मजल्यावर मागच्या खोलीला दारच नाही, नुसता जुना, तडकलेला गिलावा. आतून मिस पेथरिक म्हणाल्या की दार सापडत नाही, खिडकीही नाही. डावं घर उलटून काढलेल्या माझ्या नकाशात आहे अगदी तसंच. पहार मारली, साधा ओरखडा उठला नाही.

गुरुवार
गवंडी आणला. तो म्हणाला, भिंत भरीव आहे, आत कोण असणार? आतून त्या पाणी मागत होत्या. त्याला ऐकू आलं नाही, मला आलं. तरी मी त्याच्या म्हणण्याला हो म्हणालो.
नकाशा सुधारला तरच दार परत येईल. पण तो परत मागवायचा म्हणजे घर न बघताच काढलं हे कबूल करायचं. आणखी एक चूक झाली तर नोकरी गेली, असं साहेबांनी बजावलंय. तार लिहिली. फाडली.

शुक्रवार
आवाज बारीक झालाय. स्वतःची किळस येते. उद्या नक्की पाठवतो — पण मग खाणार काय —

शनिवार, दुपार
थापा थांबल्या. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे पेन्सिलीची खरखर. काय करताय, विचारलं. शांतपणे म्हणाल्या, "तुझं घर काढतेय, बाळा. बघायला कशाला यायचं? माझीच खोली उलटी केली की झालं."

खिडकी — होती इथं —

तार लिहिलीय. सगळं कबूल केलंय. पाठवायला खाली जातो, पण दार —