आधी वाचायचं, मग पुसायचं

३ जून

गाडी पुन्हा अडली. नदीच्या पुलावर! गिअर बदलेना, चाळीसच्या वर जाईना, मागे नुसते भोंगे. शेजारी माझा म्हातारा. त्याच्या डायलिसिसला वीस मिनिटं उशीर. नर्स म्हणाली, "आजी, वेळेवर आणा हो." मला काय हौस आहे!

वर्कशॉपवाल्याने बोटाएवढं यंत्र लावलं नि हात झटकले. "गिअरबॉक्स गेला. नवा घाला, नाहीतर भंगार." आमच्या मुलाचा, वीराचा, रयोंगहून फोन — "आई, पुरे झालं आता. रविवारी येतो आणि गाडी विकून टाकतो. एकाहत्तराव्या वर्षी कशाला चालवायची?" मग बापाला आठवड्यातून तीनदा कोण नेणार, तुझा फोन?

मी सांगितलं, तुझ्या बायकोमुळे झालंय. पिम गिअर ओढते की गवत उपटते! ती समोरच होती. भाजी निवडत राहिली. म्हाताऱ्याचा चौकड्यांचा पंचाही एप्रिलातल्या सोंगक्रानच्या सणापासून हिनेच हरवलाय. वाळत घालताना चिमटा लावायला नको!

५ जून

आज पिमने चालवली. रखडत पोचलो. बस.

६ जून

पिम कुणाचा तरी लॅपटॉप मागून घेऊन आली. कंपनीच्या वर्कशॉपात असतो तसला प्रोग्राम आहे म्हणे त्यात. लग्नाआधी नऊ वर्षं ती लांपूनच्या कारखान्यात बारीक तारा जोडायची. मी म्हटलं, "म्हणून काय गाडीची डॉक्टर झालीस?" म्हणते, "नाही आई, पण एक्स-रे तर काढता येईल."

लॉन्गानच्या झाडाखाली गाडी लावली. बॅटरीला चार्जर, स्टिअरिंगखाली वायर. प्रोग्राम एकेका भागाला नाव घेऊन विचारत सुटला — तुला काय होतंय, तुला काय होतंय! माझी शाळा चौथीपर्यंत. फरंगांची इंग्रजी अक्षरं येत नाहीत. आकडे मात्र येतात.

गिअरबॉक्स ठणठणीत! तेलाची गरमी ठीक, आतलं सगळं ठीक. दुखणं आहे ते गिअरच्या दांड्याखालच्या छोट्या डबीत. दांडा कुठे आहे तेच तिला मधूनमधून कळत नाही. म्हाताऱ्याला सांगितलं. तो हसला. कितीतरी दिवसांनी.

"मग पुस की तो दोष!" म्हणून मी बोट घातलं. हातावर चापट! सुनेची, सासूला! "आई, आधी वाचायचं, मग पुसायचं."

बरं केलंस. पण तोंडाने म्हणाले नाही.

८ जून

दांड्याचं झाकण उघडलं. खाली प्लगवर लालसर चिकट थर, त्यात मुंग्या मेलेल्या. "काय गं हे?" तर "जुनं काहीतरी" म्हणून घाईघाईने ब्रश फिरवायला लागली. स्पिरिटने धुतलं, वाळवलं. मग प्रोग्रामने दांड्याला पुन्हा धडे दिले. मी ब्रेक दाबून बसले — पाय काढायचा नाही! पायात गोळा आला तरी काढला नाही. पिम वाचणार, मी दांडा हलवणार. पुढे. मागे. मधे. शेवटी हिरवी खूण आली!

दोष पुसायच्या आधी ती सगळं वाचून दाखवत होती. शेवटची ओळ तेवढी सोडली. मी बोट ठेवलं. "हे काय?"

"पहिल्यांदा कधी बिघडली ते. त्याला काही अर्थ नाही, आई."

१,४८,२१२ किलोमीटर.

म्हाताऱ्याने पस्तीस वर्षं बस चालवली. किलोमीटर कॅलेंडरवर टिपल्याशिवाय त्याला अजून जेवण जात नाही. चष्मा लावला, पानं उलटली. १४ एप्रिल. देवळात जाताना १,४८,२०५, घरी येताना १,४८,२१९.

सोंगक्रान, पाणी उडवायचा सण. गाडीतल्या देवीला त्या दिवशी नैवेद्य मीच दाखवला. लाल सरबत, स्ट्रॉ घालून. बाहेर पोरं बादल्या ओतत होती म्हणून पेला आत ठेवला, गिअरजवळ. देवळातून गाडीपाशी परत आले तर पिम आधीच येऊन बसलेली, पेला उभा, रिकामा, आजूबाजूला एक थेंब नाही. वाटलं, यंदा देवी मनापासून प्यायली!

९ जून

वीरा आला. गाडी फिरवून बघितली. लोण्यासारखी चालली. म्हणाला, "मग झालं काय होतं?"

मी सांगून टाकलं. "सरबत मी सांडलं. पिमचा काही दोष नाही."

त्याने ताट बाजूला सारलं. मग — "हे तेव्हाच कळलं असतं ना, तर त्याच दिवशी चावी काढून घेतली असती."

म्हातारा खुर्चीतून म्हणाला, "कुणाच्या शेजारी बसायचं ते मी ठरवीन. तू जेव."

चावी माझ्याकडेच राहिली. आभार मानायची मला सवय नाही. माशाचं डोकं, नेहमी वीराला वाढते ते, पिमच्या ताटात वाढलं. वीरा बघतच राहिला.

१० जून

दहा मिनिटं आधी पोचलो! नर्सने घड्याळ बघितलं.

घरी येऊन जादा चाकाची हवा बघावी म्हणून डिकीतली फळी उचलली. चाकाखाली म्हाताऱ्याचा पंचा. नीट घडी घातलेला. धुतलाय, पण मधोमध लाल डाग तसाच.

आठ आठवडे टोमणे खाल्ले पोरीने.

पंचा पुन्हा धुतला. तिला दारातून दिसेल असा वाळत घातला. दोन चिमटे लावले.