मोडल्या हाताचं बक्षीस

वडसा,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय रिना,

सप्रेम जयभीम.

काल तू रागानं फोन ठेवलास आणि तुझा राग बरोबर आहे. ओटीपी माझ्या फोनवर आला होता, मी तो वाचलाही होता, आणि तरी तुला सांगितला नाही. तिकडं पुण्यातून तू ओरडत होतीस, आई वेळ संपते, लवकर सांग. आणि इकडं मी तोंडात गुळणी धरून बसले होते. नाटकात एवढा वेळ गप्प राहिले असते तर लोकांनी खडे मारले असते. तुला वाटलं असेल, हिला अजून विमा म्हणजे अपशकुन वाटतो. तसं नाही गं. विमा मला पाहिजे. मग का थांबले, ते फोनवर सांगता येईना, कारण तू मधेमधे बोलतेस. म्हणून कागदावर लिहिते. लिहून झालं की फोटो काढून तुझ्या व्हॉट्सअपवर टाकीन. लिहायला बसले की माझी भाषा स्टेजवरच्यासारखी शुद्ध होते, तोंडी मात्र ‘मले-तुले’च. त्याला हसू नकोस.

आठ दिवसांनी आमचा सीझन सुरू होतो. धान घरात आलं की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतीचे शंकरपट होतात, आणि मंडई म्हटली की रात्रभराचं नाटक आलंच. आता होळी होईपर्यंत रोज नवं गाव. दुपार कलली की नाटक कंपनीच्या गाडीत बसायचं, जंगलातल्या रस्त्यानं जायचं, तोंडाला रंग लावायचा आणि उजाडलं की तोच रस्ता धरून परत. या रस्त्यांची तुला धास्ती. गेल्या माघात गाडी उलटली तेव्हापासून तुझं एकच पालुपद, आई विमा काढ. नाहीतर नाटक सोड, हेही तू एकदा म्हणालीस. ते मी ऐकलं नाही असं केलं.

खरं सांगू, आधी मला विम्याचं हसूच यायचं. गेल्या सालच्या उन्हाळ्यात, गाडी उलटायच्या आधी, तुझ्या ऑफिसनं तुला सिंगापूरला पाठवलं, तेव्हा तू सांगितलंस की तुझ्या प्रवासाचा विमा आहे, बॅग हरवली तरी भरपाई मिळते. मी इथं साऱ्या मोहल्ल्यात सांगत सुटले, माझी पोरगी विमानात बसून राह्यली आणि तिच्या बॅगेचासुद्धा विमा हाय! दळण घेऊन गेले तरी तेच, भाजी आणायला गेले तरी तेच. शेवटी समोरची बाई म्हणाली, अंजनाबाई, आता आमाले बॅगेचा रंगही पाठ झाला. पण मनात म्हणत होते, विमानातल्या लोकांना हे ठीक आहे, आपल्याला काय करायचं? आपली माणसं आहेत की.

कारण माझी बॅग हरवली होती तेव्हा काय झालं, तुला ठाऊक आहे. तू तेव्हा चौथीत होतीस. सावली तालुक्यातल्या एका गावाला जाताना कपड्यांची पेटी टपावरून कुठं पडली कोणाला कळलं नाही. तिकीट विकलेलं, लोक खाली बसलेले, आणि पाटलीण व्हायला माझ्याकडं साडी नाही. तेव्हा गावातल्या सोमारीनं घरी पळत जाऊन स्वतःचं लग्नातलं लुगडं आणलं. अशी पाटलीण शोभले म्हणतेस मी! पण शेवटच्या अंकात मला मातीत कोसळून मरायचं होतं. मी डोलायला लागले तशी पहिल्या रांगेतून सोमारी उठून उभी राहिली आणि खच्चून ओरडली, “बाई, माया लुगडा हाये! उभ्यानंच मर!” आता काय करते? खांबाला धरलं आणि मेले उभ्यानंच. लोकांना ते मरण असं आवडलं की पडदा दोनदा उघडावा लागला. तेव्हापासून त्या नाटकात मी कधीच खाली पडले नाही, मरते ते उभ्यानंच. तुझी बॅग गेली तर कंपनी पैसे देते, माझी पेटी गेली तर सोमारी लुगडं देते, मग हप्ता कशाला भरायचा, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब चैतूभाऊनं चुकवला. आमचा ऑर्गनवाला चैतूभाऊ, ज्याच्या ऑर्गनखाली गोधडी टाकून तू लहानपणी झोपायचीस. त्या माघातल्या धुक्यात रानडुकरं आडवी आली, आमच्या ड्रायव्हरनं, गोपालनं गाडी वळवली आणि ती रस्ता सोडून धानाच्या बांधीत आडवी झाली. आम्हाला मुका मार लागला, पण चैतूभाऊचा उजवा हात दोन जागी मोडला. ऑर्गनवाल्याचा उजवा हात, रिना. दवाखान्यात त्यानं डॉक्टरला दुखण्याचं काही विचारलं नाही, ऑर्गन वाजवता येईल का एवढंच विचारलं.

मग पुढच्या गावाला नाटक लागलं तेव्हा आमच्या मालकानं, दादाजीनं, माईकवरून सगळं सांगितलं. आणि लोकांनी जे केलं त्यानं माझी छाती फुगली. स्टेजवर काम आवडलं की आपल्याकडं लोक बक्षीस देतात आणि देणाऱ्याचं नाव माईकवर पुकारतात, तसंच सुरू झालं. अमक्या भाऊंकडून चैतूभाऊच्या हाताला बक्षीस, तमक्या बाईंकडून चैतूभाऊच्या हाताला बक्षीस. ज्यांच्या घरी स्वतःला पुरत नाही अशी माणसं उठून उठून येत होती. दुसऱ्या गावात तेच, तिसऱ्या गावातही तेच. चैतूभाऊ प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसलेला, आणि प्रत्येक नावाला उठून डाव्या हातानं नमस्कार करायचा. गाडीत आमची पोरं म्हणायची, पाहा, आपल्याले कायले पायजे विमा? मीही म्हटलं, अगदी बरोबर.

चौथ्या गावाला तो आलाच नाही. दुखतं म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. अंगणात बाजेवर बसला होता, जवळ कोणी नव्हतं. मी त्याला गावानं किती आठवण काढली ते सांगत होते, तर तो मधेच म्हणाला, “बाई, जनमभर बक्षीस घेतलं ते हाताच्या कामाचं. मोडल्या हाताचं नाई घेववत मले.” आणि रडला. वीस वर्षं एका गाडीतून फिरलो, त्या माणसाला मी रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपण एवढे दिवस त्याला खुर्चीवर बसवून काय करून राह्यलो होतो?

देणाऱ्यांचं मन सोन्याचं होतं, त्यात खोट काढायची नाही. सोमारीनं लुगडं दिलं ते मी नेसून काम केलं आणि सकाळी धुऊन परत दिलं, तेव्हा माझी मान ताठ होती. चैतूभाऊला परत द्यायला काही नव्हतं, काम करून दाखवायलाही हात नव्हता. त्या दिवशी मला विमा कळला बघ. तू कागदावर मला आकडे काढून दाखवलेस तेव्हा कळला नव्हता. आपण धडधाकट असतो तेव्हा भरायचं, आणि पडलो तर जे मिळेल ते आपलं असतं, त्यासाठी कोणाचं नाव पुकारावं लागत नाही की उठून नमस्कार करावा लागत नाही. काही झालं नाही तर पैसे गेले, असं लोक म्हणतात. जाऊ देत. कुंकवासारखा खर्च आहे तो, दिसायला थोडा पण मान ठेवतो, असं आमच्या कंपनीतल्या इंदुताई म्हणाल्या. मी कुंकू लावत नाही तरी मला ते पटलं.

मग मी गप्प बसेन का? दसऱ्यानंतर नाटक कंपनीची बैठक होती, कोणतं नाटक घ्यायचं ते ठरवायला. मी आधी विम्याचंच काढलं. म्हटलं, या सालापासून नटापासून ड्रायव्हरपर्यंत प्रत्येकाचा अपघाताचा विमा निघाल्याशिवाय अंजनाबाई गाडीत पाय ठेवणार नाही. डोमा, आमचा विनोदी नट, लगेच म्हणाला की विमा काढला का यमाले घराचा पत्ता भेटते. मी म्हटलं, यमाले पत्ता कायले लागते, गोपालची गाडी पुरे हाये. सगळे हसले, गोपाल सोडून. दादाजी म्हणाला परवडत नाही. मी म्हटलं, ज्याचा त्यानं आपल्या पहिल्या नाईटच्या पैशातून भरावा, तुम्ही ड्रायव्हर आणि पडदेवाल्यांचा भरा. त्यानं पानाची पिंक टाकली आणि हो म्हणाला. तुझ्या आईनं हे केलं, रिना. डायलॉग पाठ नव्हता, प्रॉम्प्टर नव्हता, तरी केलं. तू तिथं असायला पाहिजे होतीस.

नागभीडहून एजंट आला. चांगला मुलगा होता, सगळं समजावून सांगितलं. काय काय मिळणार नाही तेही सांगितलं, म्हणून मला आवडला. म्हणाला, आजारपणाचा विमा वेगळा, हा फक्त अपघाताचा. दारू पिऊन पडलात तर मिळणार नाही. हे ऐकून दोघांचे चेहरे उतरले, नावं सांगत नाही. आणि धंदा खरा लिहा, असं त्यानं बजावलं. ऑफिसात बसणाऱ्याला हप्ता कमी, रात्री-बेरात्री रस्त्यावर फिरणाऱ्याला जास्त. पण दोन पैसे वाचवायला खोटं लिहिलंत तर ऐन वेळी विमा कंपनी हात वर करेल. मग एकेकानं आपला धंदा लिहिला. डोमानं ‘विनोदी नट’ लिहिलं, एजंट म्हणाला नुसतं नट लिहा, तर हा भांडायला उठला. चैतूभाऊची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, तरी त्यानं पेन कोणाला दिला नाही. त्याच उजव्या हातानं, हळूहळू, मोठ्या अक्षरात लिहिलं, ऑर्गनवादक. मी बाजूला उभी राहून पाहत होते. माझा कागद तेवढा राहिला होता, कारण तू म्हणाली होतीस की आई, तुझा मी इथून मोबाइलवर काढते, चांगला काढते. मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं, माया विमा माझी पोरगी काढून राह्यली.

आता काल का थांबले ते सांगते. ओटीपीच्या आधी तू भरलेला कागद मला पाठवलास, तो मी चष्मा लावून पूर्ण वाचला. माझं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, वारस म्हणून तू. आणि धंद्याच्या जागी तू लिहिलंस, गृहिणी. तू वाईट मनानं लिहिलं नाहीस, हे मला माहीत आहे. हात सवयीनं गेला असेल. वसतिगृहाच्या अर्जातही तू हेच लिहिलं होतंस, कॉलेजातही हेच. शाळेत पोरी तुला ‘नाटकवालीची’ म्हणून चिडवायच्या आणि तू घरी येऊन जेवायची नाहीस, ते मी विसरले नाही. म्हणून तेव्हा बोलले नाही. पण गृहिणी मी कधी होते गं? तुझे बाबा गेले तेव्हा घर तुझ्या आजीनं सांभाळलं, आणि ते चालावं म्हणून मी घराबाहेर पडले. आणि उद्या गाडी पुन्हा बांधीत गेली तर विमा कंपनीचा माणूस विचारेलच, पहाटेच्या वेळी, जंगलाच्या रस्त्यावर, तोंडाला रंग लावून ही गृहिणी कुठं चालली होती? तेव्हा तू काय उत्तर देशील? ते पुसून टाक, पोरी. नाट्यकलाकार लिही, झाडीपट्टी. हप्ता वाढेल, वाढू दे, पहिल्या नाईटमधून देते. मीही इथल्या एजंटाकडून लिहून घेऊ शकले असते, पण मला ते तुझ्या हातानं लिहिलेलं पाहिजे. एवढ्या वर्षांत माईकवरून किती जणांची नावं ऐकली, अमक्याकडून अंजनाबाईच्या कामाला बक्षीस, तमक्याकडून बक्षीस. तुझं नाव अजून ऐकलं नाही. ते एक बक्षीस माझं राहिलं आहे, तेवढं दे. तू लिहिलंस की ओटीपी पुन्हा येईल, आणि या वेळी मी एका दमात सांगीन.

तुझीच आई,
अंजनाबाई,
नाट्यकलाकार